सुईने वेदना शमते काय?

जुन्या चिनी वैद्यकाच्या मते शरीरात ‘ची’ ही प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते. ती अडली की वेदना होते आणि नेमक्या स्थानी सुई टोचली की मोकळी होते. हे कितपत खरे? जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर पाहता, शास्त्रोक्त सुयांनी शेकडा ४८, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४, तर औषधे व व्यायाम या नेहमीच्या उपचारांनी २७ रुग्णांना उतार पडला होता. तेव्हा आराम पडतो हे आम्ही मान्य करतो; पण त्याचे श्रेय त्या मार्गांना देता येत नाही. ज्याला सुई घ्यावयाची त्याने खुशाल घ्यावी. मात्र दुखण्याचे मूळ डॉक्टरकडून आधी तपासून घ्यावे, एवढेच आमचे सांगणे.