विभाग ?? पाहा

सरांचा फोन रात्री साडेनऊला आला. "अहो, पान सदतीसवर तुम्ही मला काहीतरी विचारलंय. 'विभाग, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, पाहा.' नेमकं काय हवंय तुम्हाला?"

मला काहीच नको होतं. घाईत एकदाच यंत्र फिरवून मी पीडीएफ पाठवून दिली होती, एवढाच घोटाळा. भूजलावरचं त्यांचं क्रमिक पुस्तक मी लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत जुळवत होते, आणि लाटेक पहिल्या फेरीत असंच करतं. 'विभाग अमुक पाहा' या वाक्यापाशी ते पोचतं, तेव्हा तो अमुक विभाग बहुधा पुढे कुठेतरी असतो आणि त्याचा क्रमांक अजून ठरलेलाच नसतो. मग दोन ठळक प्रश्नचिन्हं टाकून ते पुढे जातं. जाताना दिसेल त्या प्रत्येक खुणेचा क्रमांक आणि पान एका बाजूच्या फाइलीत टिपून ठेवतं. दुसऱ्या फेरीत आधी ती फाइल वाचतं आणि प्रश्नचिन्हांच्या जागी आकडे बसवतं. ती फाइल मी पुष्कळदा उघडून बघते. एकेका ओळीत एकेक नोंद असते: नाव 'विहीर-पुनर्भरण', क्रमांक ४.३, पान ८७. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीइतकी साधी.

सरांना मी म्हटलं, उद्या सकाळी दुसरी प्रत पाठवते. ते म्हणाले, "मग प्रश्नाचं उत्तर तुम्हीच देणार म्हणा."

नारायण पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात मी हे काम शिकले. तिथे पेजमेकर होतं, श्रीलिपी होती आणि संदर्भ हातानेच टाकायचे. पानं पक्की होईपर्यंत पृष्ठांकाच्या जागी आम्ही तीन काळे ठिपके ठेवायचो आणि शेवटच्या प्रुफात ते शोधून आकडे भरायचो. एखादा ठिपका राहून गेलाच, तर तो फर्मा छापून आल्यावर दिसे. विभागांच्या क्रमांकाचं दुखणं याहून मोठं होतं, कारण लेखकाने ते आकडे मजकुरातच टंकून दिलेले असत. मधलं एक प्रकरण उचलून मागे नेलं, की त्यापुढच्या प्रत्येक 'पाहा'ला नवा पत्ता द्यावा लागे.

सरांचं हस्तलिखितही असंच आलं होतं, वर्डमध्ये, हाताने घातलेल्या क्रमांकांसह. माझा पहिला आठवडा फक्त आकडे पुसण्यात गेला. प्रत्येक विभागाच्या मथळ्याला एक नाव द्यायचं, म्हणजे लेबल लावायचं, आणि जिथे त्याचा उल्लेख असेल तिथे आकडा खोडून ते नाव लिहायचं. आकडा यंत्र घालेल. अमेरिकेत लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डोनाल्ड कनुथ यांच्या टेकवर लाटेक उभारलं, तेव्हापासून ही सोय आहे. कनुथ यांनी टेक लिहायला घेतलं ते १९७७ साली आपल्याच पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाची प्रुफं बघून वैतागल्यामुळे. लेखकाच्या वैतागातून असं काही निघाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आमच्याकडे लेखक वैतागला की फोन करतो.

नावं ठेवण्यातही मी एकदा फसले आहे. सुरुवातीच्या एका प्रबंधात मी लेबलांना 'विभाग४३', 'विभाग४४' अशी नावं दिली होती. संशोधक बाईंनी मध्ये एक प्रकरण घातलं आणि 'विभाग४३' नावाची खूण इमानेइतबारे ५.३ छापू लागली. छापील पुस्तकात चूक काहीच नव्हती, पण माझ्या फाइलीत तो विभाग शोधताना माझं डोकं फिरायचं. तेव्हापासून मी आशयावरून नाव देते: 'काळा-पाषाण', 'विहीर-पुनर्भरण', 'उपसा-मर्यादा'. मी वापरते तो टेकचा अवतार, झीटेक, देवनागरी नावं विनातक्रार घेतो.

खरं काम यानंतर सुरू होतं, कारण आकडा बरोबर असला म्हणजे तो वाक्यात नीट बसतोच असं नाही.

सरांना मथळ्यात क्रमांकापुढे टिंब हवं होतं: '४.३. विहीर पुनर्भरण'. सोपं वाटलं. विभागाचा क्रमांक कसा छापायचा हे जिथे ठरतं, त्या आज्ञेत मी टिंब घातलं. मथळा झकास दिसला. पण उल्लेखही त्याच आज्ञेतून आकडा उचलतो, त्यामुळे वाक्य झालं 'विभाग ४.३. मध्ये सांगितल्याप्रमाणे', आणि मध्येच पूर्णविराम आल्यासारखा वाचणारा अडखळला. त्याहून मजा उपविभागात झाली. उपविभागाचा क्रमांक म्हणजे विभागाचा क्रमांक, एक टिंब आणि पुढचा आकडा. माझं टिंब आणि त्याचं टिंब मिळून अनुक्रमणिकेत '४.३..२' उमटलं. मथळ्याची सजावट आणि क्रमांकाचं मूळ रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या जोड टिंबाने मला शिकवलं. टिंबाची जागा मथळ्याच्या मांडणीत. उल्लेखाकडे नुसता ४.३ जायला हवा.

तीच गत 'प्रकरण चौथे'ची. सरांना प्रकरणांचे मथळे अक्षरी हवे होते, जुन्या पुस्तकांसारखे. मी क्रमांकाच्या आज्ञेतच 'चौथे' बसवलं आणि त्या प्रकरणातला तिसरा विभाग 'चौथे.३' झाला. हसून घेतलं आणि दुरुस्त केलं. पण सर तिथे थांबले नाहीत. "मजकुरात 'प्रकरण ४ मध्ये' लिहू नका हो, ते परिपत्रकासारखं वाटतं. 'चौथ्या प्रकरणात' असं येऊ द्या."

त्यांचं म्हणणं मला पटलं. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार जोडण्यांत नामाचं एकवचन आणि अनेकवचन पुरवलं की भागतं. आपल्याकडे प्रकरण चौथे, आकृती चौथी, तक्ता चौथा. आणि पुढे विभक्ती आली की चौथ्या प्रकरणात, चौथ्या आकृतीत, चौथ्या तक्त्यात. सामान्यरूपात लिंगभेद मिटतो, एवढीच काय ती दया. मी एक छोटी आज्ञा लिहिली: लेबलाचा क्रमांक घे, एक असेल तर 'पहिल्या' छाप, दोन असेल तर 'दुसऱ्या', असं बारापर्यंत. यंत्र फिरवलं, तर तक्रार आली: संख्या सापडली नाही, शून्य धरतो.

संख्या तर समोर होती, ४. पण ती देवनागरी ४ होती. पुस्तकभर देवनागरी अंक हवेत म्हणून मी ते क्रमांकाच्या रूपातच घातले होते, आणि बाजूच्या फाइलीत तेच टिपले गेले होते. टेकला मोजण्यासाठी रोमन लिपीबरोबर येणारे शून्य ते नऊ हेच अंक कळतात. आपला ४ त्याच्या लेखी 'क' किंवा 'ळ' यांच्यासारखं एक अक्षर. म्हणजे ते छापायला तयार, मोजायला नाही. शेवटी प्रत्येक प्रकरणासाठी दोन नोंदी करायच्या ठरवल्या, एक दाखवायची देवनागरीत आणि एक हिशेबाची टेकच्या अंकांत. दुपार गेली, पण 'चौथ्या प्रकरणात' आलं. सरांनी मध्ये एक प्रकरण घातल्यावर त्याचं आपोआप 'पाचव्या प्रकरणात' झालं, तेव्हा मी उठून चहा टाकला.

परिशिष्टांवरून तिघांची तीन मतं पडली. सर म्हणाले, अ, आ, इ. प्रकाशक म्हणाले, अ, ब, क, कारण पोरांना प्रश्नपत्रिकेत तेच दिसतं. मुद्रितशोधनाला येणारे काका सत्तरी ओलांडलेले, तांबड्या पेनवाले; त्यांचा कौल क, ख, ग. राज्यघटनेत 'अनुच्छेद २१क' आहे, 'अ' नाही, हा त्यांचा दाखला. निकाल प्रकाशकांच्या बाजूने लागला, कारण कागदाचा खर्च त्यांचा. पण अक्षर क्रमांक झालं की शब्दयोगी अव्यय त्याला चिकटतं. 'परिशिष्ट अमध्ये' वाचताना क्षणभर 'अमध्ये' नावाचं काहीतरी आहे असं वाटतं. 'परिशिष्ट कला जोडलेला नकाशा' हे वाक्य मी टंकलं, वाचलं, आणि भूजलाच्या पुस्तकात कला कुठून आली म्हणून थबकले. मग परिशिष्टाच्या उल्लेखापुरतं अक्षर अवतरणात घातलं: परिशिष्ट 'क'ला. मथळ्यात मात्र नुसता क. दाराबाहेर एक वेश आणि घरात दुसरा, असं एकाच क्रमांकाचं चालू शकतं हे टिंबाच्या भानगडीत आधीच कळलं होतं.

काका माझी प्रुफं वाचतात तेव्हा शेजारी बसायला मला आवडतं. 'पाहा' आलं, की ते खरंच पाहतात. डाव्या हाताचं बोट त्या ओळीवर, उजव्या हाताने पानं उलटायची, सांगितलेली आकृती शोधायची, ती वाक्यात म्हटलेलीच आहे ना हे बघायचं, आणि मग परत यायचं. "अगं, यंत्राने घातलाय म्हणतेस ना आकडा? मग बघायला काय हरकत आहे?" सहाव्या प्रकरणात त्यांचं बोट अडलं. वाक्य होतं 'विहिरीचा छेद आकृती ६.२मध्ये दाखवला आहे', आणि आकृती ६.२ होती पर्जन्यमापकाची. विहीर होती ६.५मध्ये.

प्रश्नचिन्ह नव्हतं, तक्रारही नव्हती. यंत्राच्या मते सगळं ठीक होतं. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. कुठलाही क्रमांक एकने वाढला, की लाटेक तो ताजा आकडा खिशात ठेवतं, आणि लेबल दिसलं की खिशात असेल ते त्याच्या नावे लिहितं. आकृतीचा क्रमांक वाढतो तो तिच्या खालची ओळ येते तेव्हा. मी लेबल त्या ओळीच्या आधी लिहिलं होतं. त्या वेळी खिशात होता चालू विभागाचा आकडा, ६.२. तोच आकृतीच्या नावावर गेला, आणि योगायोगाने आकृती ६.२ खरोखरच पुस्तकात असल्यामुळे कुणाला शंका आली नाही. हरवलेला पत्ता ओरडून सांगतो, चुकीचा पत्ता गप्प बसतो. त्या रात्री मी सगळ्या आकृत्या उघडून बघितल्या. आणखी दोन ठिकाणी तेच केलं होतं.

पानांची एक गंमत मी स्वतःहून ओढवून घेतली. आकृती समोरासमोरच्या पानांवर असेल, तर 'समोरच्या पानावर' असं छापावं आणि लांब असेल तरच आकडा द्यावा, अशी सोय करता येते. मी ती केली. बावन्नाव्या पानावर एक उल्लेख होता. पहिल्यांदा आकृती त्रेपन्नवर होती, म्हणून 'समोरच्या पानावर' छापलं गेलं. ते शब्द लांब, परिच्छेद एका ओळीने वाढला, आकृतीला त्रेपन्नवर जागा उरली नाही आणि ती चोपन्नवर गेली. पुढच्या फेरीत यंत्राने 'पान ५४वर' छापलं. ते आखूड, ओळ वाचली, आकृती परत त्रेपन्नवर आली. मग पुन्हा 'समोरच्या पानावर'. प्रत्येक फेरीच्या शेवटी तीच सूचना: क्रमांक बदललेले दिसतात, पुन्हा चालवा. मी सात वेळा चालवलं. नंतर दोन प्रती शेजारी ठेवून बघितल्या आणि सरांना फोन केला. त्या परिच्छेदातला 'साधारणपणे' काढला तर चालेल का? ते म्हणाले, "काढा. तसा तो शब्द माझ्याकडून जरा जास्तच पडतो."

पुस्तक छापून आलं, लागलं, आणि तीन वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली. शेततळ्यांवर एक नवा विभाग सहाव्या प्रकरणात घालायचा होता. त्याची साहजिक जागा ६.२नंतर. मी सरांना म्हटलं, कुठेही घाला, मला दोन फेऱ्या लागतील, पुढचे सगळे आकडे आपोआप सरकतील.

ते थोडा वेळ गप्प राहिले. पुस्तकाच्या आतले सरकतील हे त्यांना मान्य होतं. पण तीन वर्षांत पोरांच्या वह्यांमध्ये 'सर, ६.३' लिहिलं गेलं होतं, त्यांच्या स्वतःच्या व्याख्यानांच्या टिपणांत होतं, आणखी दोघा प्राध्यापकांनी आपल्या लेखांत त्याच क्रमांकाने उल्लेख केला होता. त्या आकड्यांची नोंद माझ्या बाजूच्या फाइलीत नाही. काका तिथेच होते. ते म्हणाले, तुकोबांचा अभंग क्रमांकाने सांगितला, की आधी विचारावं लागतं कुठली गाथा, कारण आवृत्तीगणिक क्रमांक वेगळे. दासबोधाचं तसं होत नाही. दशक, समास, ओवी सांगा, कुठल्याही प्रतीत सापडते. आणि कायदेवाले उगाच नाही २१ आणि २२च्या मध्ये २१क घालत. मधलं कलम वाढलं म्हणून बावीसचं तेवीस केलं, तर जुने सगळे निकाल वाचताना हिशेब करत बसावं लागेल. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा तेच झालं. खुनाचं ३०२ आता १०३ झालंय आणि फसवणुकीचं ४२० गेलंय ३१८मध्ये. "लोक अजून चारसोबीसच म्हणतात," काका म्हणाले. "तीनशेअठरा म्हणून शिवी बसतच नाही."

सरांनी '६.२क' करायला नकार दिला, पाठ्यपुस्तकाला ते शोभत नाही म्हणून. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. शेततळी प्रकरणाच्या शेवटी घाला, ६.६ म्हणून, आणि ६.२च्या अखेरीस एक ओळ टाका: शेततळ्यांसाठी विभाग अमुक पाहा.

मी 'शेततळी' नावाचं लेबल लावलं, मथळ्याच्या खाली, आधी नाही. एकदा चालवलं. 'विभाग ?? पाहा' आलं. मग पुन्हा चालवलं.