खड्डा पसरतो कसा?
शेतीतलं तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला ट्रॅक्टर आठवतो. आज आपण बुर्किना फासोमधली ‘झाई’ पाहू. कोरड्या दिवसांत कडक जमिनीत वीतभर खोल खड्डे खणायचे, शेणखत टाकायचं. खतामागे वाळवी येते (आपण जिला शत्रू मानतो तीच!), जमीन पोखरते, आणि पाऊस तिथेच मुरतो. मग ज्वारी-बाजरी. १९८०च्या दशकात याकुबा सावाडोगो यांनी ही जुनी रीत सुधारली, शेतावर बाजार भरवून शेतकऱ्यांना दाखवली. बघून बघून ती पसरली.

मग सगळीकडे का नाही? कारण हेक्टरी शेकडो तासांची खणाई. घरातले तरुण कामासाठी बाहेर गेलेले असले, तर खणणार कोण? मजूर लावायला पैसे लागतात, आणि तिथेच गरीब शेतकरी अडतो.