पिंप हलवायचं नाही

मे महिन्यात इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जीझस ग्रीन मैदानावर बिअर महोत्सवाचा मोठा तंबू उभा राहतो. लोकांसाठी दारं उघडायला अजून दोन-तीन दिवस असतात, पण आत कामाची घाई असते. धातूची पोटगोल पिंपं ओळीने आडवी मांडलेली, दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावून पक्की केलेली. एकदा जागेवर बसली की त्यांना धक्का लावायचा नाही, हा इथला पहिला नियम. घरी विरजण लावलेलं भांडं आपण हलवू देत नाही, तसंच हे. कारणही तेच: आत काहीतरी जिवंत आहे.

या जिवंत बिअरचं नाव कास्क एल. ब्रुअरीतून बाहेर पडताना ती पूर्ण तयार नसते. तिच्यात यीस्ट शिल्लक असतं, थोडी साखर असते, आणि पिंपातच ती दुसऱ्यांदा आंबते. त्यातून येणारा वायू तिला हलकी फसफस देतो. बाहेरून गॅस भरलेला नसतो, गाळून यीस्ट काढलेलं नसतं. म्हणूनच ती शेवटच्या टप्प्यावर माणसाच्या हाताची वाट बघते. तो हात चुकला, तर उत्तम ब्रुअरीची बिअरही वाया जाते.

महोत्सवात तो हात स्वयंसेवकाचा असतो. दिवसभर बँकेत, शाळेत किंवा प्रयोगशाळेत काम करणारी माणसं हक्काची सुट्टी काढून इथे राबायला येतात. पगार नाही. जेवण, महोत्सवाचा टी-शर्ट आणि कामानंतर थोडी बिअर, एवढंच. ब्रिटनमधले असे बहुतेक महोत्सव ‘कॅम्रा’ या ग्राहक संघटनेच्या स्थानिक शाखा भरवतात, आणि मांडव उभारण्यापासून पेले विसळण्यापर्यंतची कामं सभासदच करतात.

कॅम्राची गोष्ट 1971 च्या मार्चमध्ये सुरू झाली. इंग्लंडमधले मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर हे चार तरुण आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, डनक्विन गावात सुट्टीला गेले होते. तिथल्या क्रूगर्स बारमध्ये बसून त्यांनी संघटना काढायचं ठरवलं. त्या काळात मोठ्या कंपन्या एकामागून एक छोट्या ब्रुअऱ्या विकत घेत होत्या आणि पबमध्ये ‘केग’ बिअर येत होती: गाळलेली, पाश्चरीकरण केलेली, वरून कार्बन डायऑक्साइड भरलेली. ती टिकायची, वाहतुकीला सोपी पडायची, आणि पबवाल्याला तिची निगा राखावी लागत नव्हती. कंपन्यांच्या दृष्टीने सोय होती. पिणाऱ्याच्या पेल्यातून मात्र चव निघून जात होती.

नुसत्या तक्रारीने काही होणार नव्हतं. लोकांना चव दाखवायला हवी होती. 1974 मध्ये केंब्रिजला महोत्सव झाला, तो आजही भरतो. पुढच्या वर्षी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पाच दिवसांचं प्रदर्शन भरलं. जवळपास 40,000 लोक आले आणि त्यांनी दीड लाख पिंट रिचवले. 1977 मध्ये अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये ‘ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल’ सुरू झाला. 1980 च्या जुलैमध्ये त्या पॅलेसला भीषण आग लागली. तरी त्या वर्षीचा महोत्सव रद्द झाला नाही. कार्यकर्त्यांनी तो शेजारच्या मैदानात तंबू ठोकून पार पाडला.

आता पुन्हा त्या पिंपाजवळ जाऊ. सर्वाधिक वापरातलं पिंप म्हणजे ‘फर्किन’: नऊ गॅलन, सुमारे 41 लिटर, 72 पिंट. आडव्या पिंपाच्या वरच्या अंगाला बूच असतं. स्वयंसेवक त्यात एक सच्छिद्र लाकडी खुंटी ठोकतो. फुस्स आवाज होतो आणि खुंटीभोवती फेस उसळतो. तो फडक्याने पुसायचा, थांबायचं आणि बघायचं. फेस लगेच परत आला, तर आतला वायू अजून जोरात आहे. हळूहळू येऊ लागला, तर बिअर शांत होत आली. मग सच्छिद्र खुंटी काढून कडक खुंटी बसवायची, म्हणजे उरलेली फसफस आत टिकते. यीस्ट तळाला बसावं म्हणून ब्रुअरीने बहुधा माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला द्रव आधीच घातलेला असतो. (शाकाहारी मंडळींसाठी तो न घातलेल्या, किंचित गढूळ बिअरही आता मिळतात.) पिंपाचं फुगीर पोट इथे कामी येतं: गाळ त्या खोलगटात बसतो आणि वरच्या पातळीवरच्या तोटीतून नितळ बिअर येते.

तोटी बसवणं हा कसोटीचा क्षण. लाकडी हातोड्याचा एकच ठाम घाव, आणि तोटी समोरचं छोटं बूच फोडून आत जाते. हात कचरला, की समोरच्याला आंघोळ. नवशिक्याला हे काम शिकवताना अनुभवी माणूस शेजारी उभा राहतो आणि फार बोलत नाही.

यानंतर वेळ चालू होते. बिअर काढू लागलं की तिच्या जागी हवा आत शिरते, आणि तीनेक दिवसांत चव उतरायला लागते. तापमान 11 ते 13 अंश सेल्सिअस ठेवायचं. तंबूत ऊन तापलं तर पिंपांवर ओली आवरणं आणि थंड पाण्याच्या नळ्या. रात्री सगळे गेल्यावरही कुणीतरी विजेरी घेऊन पिंपांमधून फेरी मारत असतं.

पाहुण्याचा अनुभव यामानाने सोपा. दारात खुणेच्या रेघा असलेला पेला घ्यायचा; पिंट (568 मिलिलिटर), अर्धा आणि एक तृतीयांश. जाणकार बहुधा तिसरं माप घेतात, कारण समोर डझनावारी पिंपं असतात: माल्टची गोडी असलेली माइल्ड, हॉप्सची कडवट बिटर, भाजलेल्या जवासारखी काळी स्टाउट. कुणाच्या हातून पेला पडला की सगळा तंबू एकसुरात ओरडतो. परीक्षकांची चव-चाचणी मात्र शांततेत, नावं झाकून होते. यॉर्कशरच्या टिमोथी टेलर ब्रुअरीची ‘लँडलॉर्ड’ अशा चाचण्यांतून चार वेळा ब्रिटनची सर्वोत्तम बिअर ठरली.

फळ्यावर ‘इंडिया पेल एल’ दिसली, की मराठी वाचकाने जरा थांबावं. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीची पिंपं आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने प्रवास करत भारतातल्या बंदरांत उतरत, आणि बिअर वाटेतच पिंपात मुरत असे. पुढे नाशिकजवळच्या देवळालीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई इतके कंटाळत, की इंग्रजीत वेड लागण्याला ‘डूलाली’ हा शब्द रूढ झाला. त्याचं जुनं रूप ‘डूलाली टॅप’, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुण्यात 2009 मध्ये सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीने तेच नाव घेतलं.

शेवटच्या दिवशी फळ्यावरची नावं एकेक करून खोडली जातात. पिंप संपत आलं, की त्याचं मागचं टोक अलगद उचलतात, इतकं हळू की तळाचा गाळ हलू नये. तोटीतून गढूळ धार आली, की ती बंद. पाहुणे गेल्यावर तोट्या निघतात, भोकांना बुचं बसतात, रिकामी पिंपं दाराशी लोळवत आणली जातात आणि ज्या ब्रुअरीचं नाव ज्यावर, त्या ढिगात लागतात. मंगळवारी ट्रक येणार असतो.