देवी रोग आणि परतणारे निर्वासित
मायदेशी परतणाऱ्या निर्वासितांबरोबर तेथून हद्दपार झालेला संसर्गजन्य रोगही परत येऊ शकतो, याचे ठळक उदाहरण बांगला देशात आढळते. तत्कालीन पूर्व पाकिस्तानात ऑगस्ट १९७० नंतर देवीचा प्रसार थांबला होता. १९७१ मध्ये सु. १ कोटी निर्वासित भारतात आले. कलकत्त्याजवळील सॉल्ट लेक छावणीत उद्‌भवलेली देवीची साथ प्रथम कांजिण्यांची समजली गेली. डिसेंबरात युद्ध संपताच निर्वासित परतू लागले. रोगाचा परिपाक काल सु. १२ दिवसांचा असल्याने निरोगी दिसणारी व्यक्तीही संसर्ग घेऊन गावी पोहोचे. परिणामी १९७२ मध्ये तेथे पुन्हा साथी पसरल्या. रोगी हुडकून, त्यांना अलग ठेवून व त्यांच्या संपर्कातील लोकांना लस टोचून त्या आटोक्यात आणण्यात आल्या. त्या देशातील अखेरचा रोगी ऑक्टोबर १९७५ मध्ये भोला बेटावर आढळला. छावणीतील अचूक निदान व परतीपूर्वीचे लसीकरण यांचे महत्त्व यावरून स्पष्ट होते.