रात्री साडेदहाला बाटली बंद, तरी सिंगापूर कॉकटेलची राजधानी कशी काय झालं ?

सिंगापूरबद्दल आपल्याला दोन गोष्टी हमखास माहिती असतात. एक म्हणजे तिथं च्युइंगम विकत मिळत नाही. दुसरी म्हणजे रस्त्यावर कचरा टाकला की दंड बसतो.

पण याच शहरात एक जागा अशी आहे, जिथं शेंगा खायच्या आणि टरफलं खुशाल जमिनीवर फेकायची. कुणी काही बोलत नाही. उलट नाही फेकली तर शेजारच्या टेबलावरचा माणूस सांगतो, "अहो टाका की, इथली पद्धतच आहे."

ती जागा म्हणजे रॅफल्स हॉटेलचा 'लाँग बार'. आणि सिंगापूरच्या कॉकटेलची गोष्ट सांगायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, ज्या शहरात कायद्याचा एवढा धाक, दारूवर एवढा टॅक्स, ते शहर जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या बारच्या यादीत दरवर्षी कसं काय असतं ? आणि फिरायला गेलोच तर जायचं कुठं ?

दोन्हीची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. एकेक करून बघू.

सुरुवात झाली एका गुलाबी ग्लासापासून

रॅफल्स हॉटेल १८८७ साली सुरू झालं. सुरू करणारे होते सार्कीज बंधू, मूळचे आर्मेनियन. तेव्हा सिंगापूर म्हणजे ब्रिटिशांचं मोठं बंदर. रबराच्या मळ्यांचे मालक, जहाजांवरचे अधिकारी, व्यापारी असे सगळे इथं संध्याकाळी जमायचे.

याच हॉटेलात न्गियाम टोंग बून नावाचा बारटेंडर होता. मूळचा चीनमधल्या हायनान बेटावरचा. हायनानी लोक सिंगापूरमध्ये इतर चिनी गटांच्या मानानं उशिरा पोहोचले. तोवर व्यापार आणि धंदे बाकीच्यांनी वाटून घेतले होते. मग हे लोक इंग्रजांच्या घरात स्वयंपाकी, जहाजांवर खानसामे आणि हॉटेलात वेटर म्हणून कामाला लागले. शहरातली हॉटेलं, बार आणि पुढे कॉफीची दुकानं हायनानी लोकांच्या हातात आली ती अशी.

हॉटेल सांगतं ती गोष्ट अशी आहे. तेव्हा बायकांनी चारचौघांत दारू पिणं शिष्टाचारात बसत नव्हतं. त्यांनी सरबत किंवा चहा घ्यायचा. तेव्हा १९१५ साली न्गियामनं एक असं पेय बनवलं जे दिसायला फळांचा रस वाटेल, पण आत जिन असेल. जिन, चेरी ब्रँडी, अननसाचा रस, लिंबू आणि वरून गुलाबी रंग. हेच ते 'सिंगापूर स्लिंग'.

यातलं सगळंच कागदोपत्री सिद्ध झालेलं नाही. अभ्यासक सांगतात की त्याच्या आधीपासूनच या शहरात जिनचे स्लिंग प्यायले जायचे. आज मिळतो तो अननसवाला गोड प्रकारही बराच नंतरचा आहे. पण या एका ग्लासामुळं शहराचं नाव कॉकटेलशी जोडलं गेलं ते कायमचं.

आज लाँग बारमध्ये स्लिंग प्यायचं तर ३० डॉलरच्या वर मोजावे लागतात. गर्दी असली की बाहेर रांगही लागते. खरं सांगायचं तर चव जरा गोडसरच आहे. पण छताला हलणारे ताडाच्या पानांच्या आकाराचे पंखे, पोत्यातल्या शेंगा आणि पायाखाली टरफलांचा आवाज, लोक पैसे त्याचे देतात.

मग पाटी नसलेला दरवाजा उघडला

स्लिंगनंतरची कित्येक वर्षं सिंगापूरमध्ये पिणं म्हणजे बिअर, व्हिस्की आणि हॉटेलातला पियानो असंच होतं. खरा बदल झाला २०१० च्या आसपास. मरिना बे सँड्स उभं राहिलं, कॅसिनो आले, जगभरातल्या बँका आणि कंपन्यांचे लोक राहायला आले. हातात पैसा असलेला आणि न्यूयॉर्क-लंडनचे बार पाहिलेला ग्राहक तयार झाला.

२०११ साली हाँगकाँग स्ट्रीट नावाच्या गल्लीत एका जुन्या दुकानघरात एक बार उघडला. बाहेर पाटी नाही, दिवे नाहीत, फक्त दरवाजा. नाव काय, तर पत्ताच, '२८ हाँगकाँग स्ट्रीट'. दार उघडलं की आत खच्चून गर्दी. इथं काम केलेल्या आणि इथं बसलेल्या अनेकांनी पुढे आपापले बार काढले.

त्यानंतर रांगच लागली. आशियातल्या ५० उत्तम बारची जी यादी दरवर्षी निघते, तिच्यात २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं पहिला नंबर सिंगापूरच्या 'मॅनहॅटन'चा होता. २०२० मध्ये पहिला आला 'जिगर अँड पोनी', तोही सिंगापूरचाच.

मग जायचं कुठं ?

सरळ भागांप्रमाणे सांगतो.

टांजोंग पगार, आमॉय स्ट्रीट, क्योंग साईक रोड : हा जुन्या दुकानघरांचा पट्टा. खाली दुकान, वर घर अशी शंभर वर्षांपूर्वीची अरुंद घरं, आणि आता त्यातच बार. चालत चालत एका संध्याकाळी तीन-चार ठिकाणं होतात. जिगर अँड पोनी याच भागातल्या अमारा हॉटेलात आहे. त्याचा मेन्यू एखाद्या मासिकासारखा छापलेला असतो. पहिल्यांदाच कॉकटेल पिणार असाल तर इथं जा, कारण ओळखीचे क्लासिक प्रकार नीट बनवण्यावर यांचा भर आहे.

याच आमॉय स्ट्रीटवर २०१६ साली विजय मुदलियार या भारतीय वंशाच्या सिंगापुरी बारटेंडरनं 'नेटिव्ह' काढला. डोकं असं लावलं की युरोपातली दारू आणि युरोपातली फळं मागवायचीच कशाला ? आशियातली दारू, आसपासच्या झाडांची पानं, फुलं, एवढंच काय तर मुंग्यासुद्धा ग्लासात आल्या. आपल्याकडं बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चटणी खातात हे माहिती असेल तर यात धक्का बसण्यासारखं काही नाही.

'द एलिफंट रूम' या बारनं तर सिंगापूरच्या लिटल इंडियातले मसाले आणि चवी ग्लासात आणल्या. हे नाव लक्षात ठेवा, लिटल इंडियाकडं आपल्याला परत यायचंय.

बुगिस : इथल्या पार्कव्ह्यू स्क्वेअर इमारतीला लोक गमतीनं 'बॅटमॅनची इमारत' म्हणतात. तळमजल्यावर 'अॅटलस' आहे. आत शिरलं की आधी मान वर जाते, कारण समोर जिनच्या बाटल्यांचा मनोराच आहे. हजाराहून जास्त प्रकारच्या जिन. इथं चपला घालून जाऊ नका, कपड्यांबाबत हे लोक काटेकोर आहेत. जागा आधी बुक करून ठेवली तर बरं.

मरिना बे : इथं पैसे ग्लासाचे कमी आणि खिडकीबाहेरच्या दृश्याचे जास्त. 'लेव्हल ३३' मध्ये ३३ व्या मजल्यावर बिअर तिथंच बनवतात आणि तिथंच पाजतात.

हॉकर सेंटर : आणि ही माझी आवडती जागा. हॉकर सेंटर म्हणजे छपराखाली एकत्र आणलेले खाण्याचे गाळे. या हॉकर संस्कृतीला २०२० साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. प्लॅस्टिकची खुर्ची, साते, तळलेले नूडल्स आणि मध्ये टायगर बिअरची मोठी बाटली. टायगर ही इथलीच बिअर, १९३२ पासूनची. लाऊ पा सातच्या बाजूचा रस्ता संध्याकाळी गाड्यांना बंद होतो आणि तिथं सातेच्या शेगड्या पेटतात. सिंगापूरचा ऑफिसवाला माणूस प्यायला बसतो तो असा.

पण एवढं महाग का ?

चांगल्या बारमध्ये कॉकटेल साधारण २५ डॉलरला. मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसतील. तिथंच आपण फसतो. पहिलं अधिक म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज, दुसरं म्हणजे ९ टक्के जीएसटी. जीएसटी सर्व्हिस चार्जवरही लागतो. म्हणजे २५ चे झाले साडेसत्तावीस, आणि त्यावर जीएसटी धरून जवळपास ३०. आपल्या पैशात एका ग्लासाचे साधारण दोन हजार रुपये.

याचं मोठं कारण म्हणजे अबकारी कर. सिंगापूर बाटलीवर नाही, आतल्या शुद्ध अल्कोहोलवर कर लावतं. व्हिस्की, जिन, वाईनसाठी लिटरमागे ८८ डॉलर, बिअरसाठी ६० डॉलर. हिशोब करू. ७०० मिलीच्या ४० टक्के जिनच्या बाटलीत २८० मिली अल्कोहोल असतं. त्यावर कर झाला साडेचोवीस डॉलरच्या वर. बाटलीची किंमत त्यानंतर सुरू होते. त्यात सिंगापूरचं भाडं आणि पगार धरा.

इथंच पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. स्वस्त दारू विकून इथं बार चालतच नाही. एवढे पैसे घ्यायचे तर ग्लासात, जागेत आणि पाहुणचारात तेवढं काहीतरी द्यावंच लागतं.

उरलेलं अर्धं उत्तर लिटल इंडियात आहे.

८ डिसेंबर २०१३

लिटल इंडिया म्हणजे मसाल्यांची दुकानं, मंदिरं, साड्या आणि रविवारी प्रचंड गर्दी. भारत आणि बांगलादेशातून आलेले बांधकाम मजूर आठवडाभर काम करतात, शहराच्या कडेला असलेल्या डॉर्मिटरीत राहतात. सुट्टीच्या दिवशी इथं येतात. घरी पैसे पाठवायचे, गावाकडच्या माणसाला भेटायचं, गवतावर बसून एखादी बिअर प्यायची. बारमध्ये जाणं परवडत नाही, म्हणून दुकानातून बाटली आणि मैदानात बैठक.

८ डिसेंबर २०१३ च्या रविवारी रात्री रेसकोर्स रोडवर मजुरांना परत नेणाऱ्या एका बसखाली तामिळनाडूचा एक तरुण मजूर सापडला आणि जागीच गेला. जमाव भडकला. पोलिसांच्या गाड्या उलटल्या, अॅम्ब्युलन्स पेटली. १९६९ नंतर सिंगापूरनं अशी दंगल पाहिलीच नव्हती. पुढं काही जणांवर खटले चालले आणि पन्नासहून जास्त मजुरांना देशाबाहेर काढलं गेलं.

सरकारनं चौकशी समिती नेमली. समितीनं म्हटलं की ठिणगी अपघाताची होती आणि दारूनं त्यात भर घातली. मजुरांच्या कामाच्या आणि राहण्याच्या परिस्थितीला समितीनं दंगलीचं कारण मानलं नाही. मजुरांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मात्र हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की दारूकडं बोट दाखवलं की बाकीचे प्रश्न झाकले जातात.

२०१५ साली नवा मद्य नियंत्रण कायदा आला. रात्री साडेदहा ते सकाळी सात या वेळेत कुठल्याही सार्वजनिक जागी दारू पिता येत नाही. बाग, समुद्रकिनारा, नदीकाठ, इमारतीखालची मोकळी जागा, सगळं यात आलं. दुकानातून पार्सलही साडेदहानंतर बंद. दंड १,००० डॉलरपर्यंत. परत पकडलं तर २,००० डॉलरपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

लिटल इंडिया आणि गेलांग या दोन भागांत नियम अजून कडक. तिथं शनिवारी सकाळी सातपासून सोमवारी सकाळी सातपर्यंत उघड्यावर पिणं पूर्ण बंद, आणि शिक्षाही दीडपट.

बारच्या आत मात्र परवान्याच्या वेळेपर्यंत सगळं चालू. म्हणजे कायद्यानं पिणं बंद झालं नाही, उघड्यावरचं पिणं बंद झालं. ज्याच्याकडं ३० डॉलर आहेत तो रात्री बारा वाजता लिटल इंडियाच्या चवीचं कॉकटेल पिऊ शकतो. पण ज्याच्याकडं तेवढे पैसे नाहीत, त्याला रविवारी दुपारी खऱ्याखुऱ्या लिटल इंडियाच्या मैदानात बिअरचा कॅन उघडता येत नाही.

कायद्याच्या बाजूनंही बोलायला जागा आहे. तिथल्या रहिवाशांच्या गोंगाटाच्या आणि घाणीच्या तक्रारी जुन्या होत्या, आणि रात्री एकटी मुलगी त्या रस्त्यांवरून निवांत चालते हेही खरं आहे. पण 'सिंगापूरमध्ये कुठं प्यायचं' या प्रश्नाचं उत्तर खिशाप्रमाणं बदलतं, हेही तितकंच खरं.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा

सिंगापूरमध्ये पिण्याचं वय १८ आहे. आपल्या महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे, आणि कागदोपत्री परवानाही लागतो, हे आपण सोयीनं विसरतो.

बऱ्याच बारमध्ये संध्याकाळी आठच्या आधी स्वस्त दर असतात. दिवसाचा पहिला ग्लास तेव्हाच घ्या. पाणी मागून घ्या, काही ठिकाणी त्याचेही पैसे लागतात, आधी विचारा.

गाडी चालवायचा विचारही करू नका. पहिल्याच गुन्ह्याला २,००० ते १०,००० डॉलर दंड किंवा वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमाराला बंद होते, आणि मेट्रोत काहीही खाणं-पिणं चालत नाही, पाणीसुद्धा.

आणि एखाद्या रविवारी लिटल इंडियात डोसा खायला जालच. तेव्हा मैदानात घोळक्यानं बसलेली, फोनवर घरच्यांशी बोलणारी माणसं दिसतील. आदल्या रात्री ज्या उंच इमारतीतून तुम्ही शहराचे दिवे बघितले, ती इमारत यांच्यासारख्यांनीच बांधलेली असते. त्यांच्या हातात चहाचा कप असेल.