साठा आणि विसर्ग

"काका, फसवलं त्यानं."

पुतणीनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट टेकवलं. ११९७. "पट्टीवर बत्तीसशे छापलंय. विकताना म्हणाला, तुमच्या मशीनमध्ये चोवीसशेला चालेल. आणि ही निघाली बाराशेची. तीही पूर्ण नाही."

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की मांजरसुंब्याच्या अलीकडे आमचं पाली लागतं. गावाजवळच बिंदुसरा प्रकल्प. या मुलखात छापील आकड्यावर कुणी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. ऊस कारखान्याला घालण्याआधी गाडी दुसऱ्या काट्यावर चढवून बघणारी माणसं आम्ही. तेव्हा पुतणीला संशय आला याचं मला नवल वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. तिनं घेतलेली वस्तू मोजून पाहिली होती. मोजलं काय, एवढंच तिला कळलं नव्हतं.

ती वस्तू म्हणजे लॅपटॉपची रॅम. दुकानात तिला कुणी स्टिक म्हणतं, कुणी पट्टी. बोटभर लांबीची, ६९.६ मिलिमीटर, हिरवी किंवा काळी पाटी, तिच्यावर चार-आठ काळ्या चिपा आणि खालच्या कडेला सोनेरी पाय. डीडीआर४ जातीच्या लॅपटॉपच्या पट्टीला असे २६० पाय असतात, आधीच्या डीडीआर३ला २०४ होते, आताच्या डीडीआर५ला २६२ आहेत. मधे एक खाच असते. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खोबणीत बसू नये म्हणून तिची जागा दर पिढीला हलवलेली आहे. तरीही ती जोर लावून बसवणारे महाभाग भेटतात. पट्टी बसत नसेल तर ती तिथली नाही, एवढं या खाचेचं म्हणणं ऐकलं तरी पुरे.

आत काय असतं? साठ्याची खूण म्हणून विजेचा थोडासा भार साठवणारा इवलासा धारक आणि त्याच्या तोंडाशी झडप म्हणून एक ट्रान्झिस्टर. धारक भरलेला म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. आठ जीबीच्या पट्टीत अशा ६,८७१ कोटी जोड्या मावतात. ही कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. १९६६ साली ती त्यांना सुचली, १९६८च्या जूनमध्ये पेटंट मिळालं. २०२४ साली ते वारले तेव्हा जगातल्या जवळपास प्रत्येक संगणकात त्यांची कल्पना चालू होती. आपल्याकडे मात्र त्यांचं नाव फारसं कुणाच्या कानावर नव्हतं.

या रचनेत एक खोट आहे आणि ती डेनार्ड यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती. धारक झिरपतो. नवा माठ पाझरतो तसा. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक रांग वाचून पुन्हा भरावी लागते, सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. आपण चहा प्यायला उठलो तरी ही भरणी चालूच. वीज गेली की सगळे माठ रिकामे. सेव्ह न केलेला निबंध उडतो तो यामुळे. या जातीच्या नावातला 'डायनॅमिक' हा शब्द या अखंड भरणीवरून आला आहे. वेगाशी त्याचा संबंध नाही.

त्याआधीच्या यंत्रांत स्मृती म्हणजे तारांत ओवलेली चुंबकीय कडी असायची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी 'टिफरॅक' असं नाव दिलेला संगणक तसाच होता. त्याची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापानं दहा केबी. पुतणीच्या हातातली पट्टी त्याच्या सुमारे ८ लाख ३९ हजार पट. हे मी तिला सांगितलं. "मग हा तरी का अडकतो?" असं तिनं विचारलं, आणि प्रश्न चुकीचा नव्हता.

तिचा लॅपटॉप सेकंड हँड. आत इंटेलचा आठव्या पिढीचा आय५-८२५०यू हा प्रोसेसर, ४ जीबीची एक पट्टी आणि फिरती हार्ड डिस्क. विंडोज उघडली, ब्राउझरच्या सहा-सात खिडक्या आणि ऑनलाइन वर्ग चालू केला, की माउसचा बाण जागच्या जागी गोठायचा. तिचं मत: रॅमचा वेग कमी आहे. माझं मत: रॅम कमी आहे. या दोन वाक्यांतला फरक बीड जिल्ह्यात तरी समजावून सांगायला लागू नये. धरणाच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. साठा दलघमीत सांगतात, विसर्ग क्युसेकमध्ये. किती पाणी आहे हा एक प्रश्न, किती वेगानं सुटतंय हा दुसरा. जीबी म्हणजे साठा. पट्टीवर छापलेले २४०० किंवा ३२०० म्हणजे विसर्ग.

साठा संपला की काय होतं हेही आपल्याला ठाऊक आहे. टँकर येतो. संगणकाचा टँकर म्हणजे हार्ड डिस्क. रॅम भरली की विंडोज तिथल्या कमी लागणाऱ्या गोष्टी उचलून डिस्कवरच्या एका फाइलीत नेऊन टाकते आणि मागणी आली की परत आणते. रॅममधून एखादी गोष्ट यायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. फिरत्या डिस्कवरून तीच शोधून आणायला दहा मिलिसेकंदांच्या घरात. म्हणजे एक लाख पट उशीर. रॅम ३२००च्या ऐवजी २४००नं चालली तर वेगात पाव हिस्सा कमी पडतो. टँकरवर गेलात तर लाखाचा फरक. ज्याच्याकडे ४ जीबी आहे त्यानं वेगाच्या आकड्यावरून दुकानदाराशी वाद घालणं म्हणजे आड कोरडा पडलेला असताना नळाच्या तोटीचा इंच मोजणं. (डिस्क काढून एसएसडी बसवली तर टँकर बराच पळायला लागतो. तेही करणार आहोत, पैसे आले की.)

खरेदीआधी तिनं एक काम नीट केलं होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. तिथं उजव्या हाताला सगळी कुंडली असते: वेग किती, दोन खोबण्यांपैकी किती भरल्या, घडण कोणती. 'सोडिम' लिहिलेलं असेल तर पट्टी निघते, दुसरी बसते. 'रो ऑफ चिप्स' असं आलं तर चिपा बोर्डावरच डाखलेल्या आहेत आणि पुढचा खर्च वाचला. पातळ लॅपटॉपांत आता हीच चाल जास्त. घेतानाच १६ जीबीचा घ्या, नाहीतर जन्मभर तेवढ्यावर भागवा, असा तो मामला. मला ही चाल आवडत नाही. दहा वर्षं वापरता येणारी वस्तू चार वर्षांत भंगारात पाठवण्याची ती सोय आहे.

तिच्या लॅपटॉपची एक खोबण रिकामी होती. बीडहून ८ जीबीची पट्टी आली. किंमत ऐकून मी दोनदा विचारलं. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची भूक एवढी वाढली की चिपांचे कारखाने तिकडे वळले आणि साध्या पट्ट्या महागल्या. त्या डिसेंबरात मायक्रॉननं तर 'क्रुशल' हा किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय सोडत असल्याचं जाहीर केलं. जगाच्या त्या टोकाला कुणी यंत्राला बोलायला शिकवतं आणि इथं पालीत पोरीच्या वर्गाचा खर्च वाढतो.

बसवायला दहा मिनिटं लागली. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, मागचं झाकण उघडलं, आधी बॅटरीची पिन सोडवली. हात एका लोखंडी वस्तूला टेकवून अंगातली वीज घालवली. पट्टी तिरकी धरून खोबणीत सरकवायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या की झालं. पाय काळपट झाले असतील तर दुकानातली पोरं खोडरबरानं हलकेच पुसतात. पुस्तकात हे चालत नाही, पण 'डिस्प्ले येत नाही' म्हणून आलेली कित्येक यंत्रं तेवढ्यावर उठून बसतात. नंतर चालू केलं तर पडदा काळाच. पंधरा सेकंद, वीस सेकंद. पुतणीचा चेहरा उतरला. पण नवी पट्टी दिसली की यंत्र आधी तिच्याशी ताळमेळ जुळवून घेतं, पहिल्यांदा एवढा वेळ जातो. मग खूण आली. १२ जीबी.

आणि मग ते ११९७.

टास्क मॅनेजर २४०० दाखवत होता. सीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्रॅम, ज्यावर जाणकार जास्त भरवसा ठेवतात, तो ११९७ म्हणत होता. एकाच पट्टीचे दोन आकडे, आणि छापलेला तिसराच. मी तिला हापशापाशी नेलं नाही, पण आठवण करून दिली. दांडा दाबला की पाणी, उचलला की काही नाही. एका हेलकाव्याला एकच धार. आता असा हापसा मनात आण जो दांडा खाली जाताना धार देतो आणि वर येतानाही देतो. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट तो हाच. सीपीयू-झेड हेलकावे मोजतो, टास्क मॅनेजर धारा मोजतो. हेलकावे बाराशे, धारा चोवीसशे. घोळ वाढवला तो नावानं: वर्षानुवर्षं धारांच्या आकड्यापुढेही मेगाहर्ट्झ लिहीत आले, वास्तविक मेगाहर्ट्झ हेलकाव्यांचा. अलीकडच्या विंडोज ११मध्ये तिथं एमटी/एस म्हणजे सेकंदाला दशलक्ष धारा असं लिहायला लागले आहेत. उशिरा का होईना, काटा दुरुस्त झाला.

"आणि बाराशेला तीन कमी का?" पोरगी पाठ सोडणारी नाही. यंत्राचा मूळ ठोका कागदावर शंभर मेगाहर्ट्झचा असतो. प्रत्यक्षात तो ९९.८च्या आसपास पडतो आणि त्याची बारा पट ११९७ भरते. काट्यावर एवढा फरक आपणही सोडतो.

राहता राहिले बत्तीसशे. पट्टीवर एक अगदी छोटी चिप असते. मी इतक्या वेगानं पळू शकते, मला इतका अवधी लागतो, ही माहिती तिच्यात कोरलेली असते. यंत्र सुरू होताना ती वाचतं आणि मग ठरवतं. आमच्याकडे कॅनॉलला पाणी सुटलं की पाळी ठरवतो पाटकरी; इथला पाटकरी प्रोसेसरच्या पोटात बसलेला आहे. आय५-८२५०यूच्या पाटकऱ्याची डीडीआर४साठीची मर्यादा २४००. त्यावर पट्टी कितीही पळणारी असो. शिवाय शेजारच्या खोबणीतली जुनी पट्टी २४००ची. दोघींना एकाच चालीनं चालावं लागतं, आणि चाल मंद असणारीची धरतात. दुकानदार खरं बोलला होता. बत्तीसशेची पट्टी दिली कारण बाजारात आता तीच मिळते आणि ती खालच्या वेगालाही निमूट चालते.

कागदावरचा विसर्ग काढायचा तर हिशेब सोपा आहे. सेकंदाला २४० कोटी धारा, दर धारेला आठ बाइट: १९.२ जीबी. दोन्ही खोबण्या भरल्यावर दोन पाट एकदम वाहतात, ३८.४. आमच्याकडे पट्ट्या चार आणि आठच्या, विजोड. त्यामुळे दोन्हीकडचे चार-चार जीबी जोडीनं वाहतात आणि उरलेले चार एका पाटानं. प्रत्यक्ष मोजणीत याहून कमीच भरतं. त्यातला थोडा वेळ तर त्या झिरपणाऱ्या माठांच्या भरणीतच जातो.

इथं एक गोष्ट जाहिरातीत कुणी छापत नाही. कॅनॉल रुंद होत गेला, पण दार उघडल्यावर पहिलं पाणी यायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहिला. डीडीआर३ची १६००ची पट्टी अकरा हेलकावे थांबायची, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. डीडीआर४ची ३२००ची पट्टी बावीस हेलकावे थांबते. हेलकावे दुप्पट वेगानं होतात, गुणाकार केला की पुन्हा १३.७५. म्हणून मोठ्या आकड्याची पट्टी घालूनही पत्र टाइप करणाऱ्याला काही जाणवत नाही. व्हिडिओ कापणाऱ्याला किंवा प्रोसेसरच्याच चित्रयंत्रावर खेळ खेळणाऱ्याला जाणवतं.

लिनक्सवाल्यांसाठी तपासणी आणखी सरळ. डीएमआयडीकोड ही आज्ञा दिली की दोन ओळी दिसतात: 'स्पीड' म्हणजे पट्टी काय पेलू शकते, 'कॉन्फिगर्ड मेमरी स्पीड' म्हणजे आत्ता काय चाललंय. जाहिरात आणि पावती एकाच कागदावर.

संशय फिटला तरी एक तपासणी उरली होती. वेग बरोबर असला म्हणून पट्टी निर्दोष असते असं नाही; सहा हजार कोटींहून जास्त माठांतला एखादा फुटका निघाला तर महिन्यातून एकदा पडदा निळा पडतो आणि कारण सापडत नाही. मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन रात्री लावला. तो प्रत्येक कप्प्यात वेगवेगळे नमुने लिहितो, परत वाचतो, पडताळतो, असे चार फेरे. तिसऱ्या फेऱ्यात वीज गेली. सेकंड हँड बॅटरीनं पंचवीस मिनिटं धीर धरला आणि सगळे माठ रिकामे झाले. पुतणीनं मला उठवलं नाही. शेतीची वीज आली, पलीकडच्या मळ्यातला पंप सुरू झाला, तेव्हा तिनं पहिल्यापासून पुन्हा लावलं.

सकाळी दहाला चौथा फेरा संपला. 'एरर्स'च्या पुढे शून्य होतं. तिनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला, मग लॅपटॉप चालू करून सीपीयू-झेडचाही काढला, आणि दुकानदाराला दोन्ही पाठवले. खाली लिहिलं: ११९७ गुणिले २.