शंभर प्रोसेस आणि पोर्ट पंचवीस

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला लॉगमधल्या एका ओळीची कायम धास्ती असते. ‘एसएमटीपी’ सेवेने १०० प्रोसेसची मर्यादा गाठली आहे, नव्या क्लायंटना जाणवण्याइतका उशीर होऊ शकतो, असा तिचा मजकूर. ही ओळ उमटते तेव्हा मशीन बंद पडलेलं नसतं. सीपीयू निवांत असतो, मेमरी शिल्लक असते, तरी फोन खणखणू लागतात: मेल येत नाही! बाहेरून टेलनेट लावून पोर्ट २५ तपासलं तर जोडणी लागते, पण ‘२२०’ने सुरू होणारी स्वागताची ओळ काही येत नाही. जोडणी कर्नलने स्वीकारून रांगेत ठेवलेली असते आणि ती उचलायला एकही प्रोसेस मोकळी नसते.

ही ओळ लिहिणारा प्रोग्रॅम म्हणजे पोस्टफिक्स. त्याचा कर्ता वीत्से वेनेमा हा मूळचा नेदरलँड्सचा. ‘टीसीपी रॅपर’ त्याचंच, आणि डॅन फार्मरच्या जोडीने १९९५ मध्ये ‘सेटन’ हे सुरक्षा तपासणीचं साधन काढणाराही तोच. न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात असताना त्याने हा मेलर लिहिला आणि डिसेंबर १९९८ मध्ये तो मुक्त स्रोत म्हणून जगाला खुला झाला. तोवर इंटरनेटच्या टपालावर एरिक ऑलमनच्या सेंडमेलचं राज्य होतं. सगळी कामं करणारा तो एकच अवाढव्य प्रोग्रॅम होता आणि बरीचशी कामं तो रूटच्या अधिकाराने करायचा. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म पसरला, तेव्हा आत शिरायच्या त्याच्या वाटांपैकी एक सेंडमेलमधूनच जात होती.

वेनेमाने तो एकखांबी तंबू मोडला. पोस्टफिक्समध्ये मास्टर नावाची प्रोसेस मुकादमासारखी बसलेली असते. बाहेरच्यांशी बोलायला एसएमटीपीडी, आलेली मेल नीट करून डिस्कवर उतरवायला क्लीनअप, रांगा हाकायला क्यूएमजीआर, बाहेर पाठवायला एसएमटीपी अशी कामांची वाटणी. प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार. एक एसएमटीपीडी एका वेळी एकाच क्लायंटशी बोलते आणि नेहमीच्या मांडणीत शंभर क्लायंट झाले की स्वतःहून निवृत्त होते, मास्टर तिच्या जागी नवी उभी करतो. अशा किती प्रोसेस एकाच वेळी चालाव्यात याची मूळ मर्यादाही १००च.

शंभर हा आकडा ऐकायला तोकडा वाटतो, पण हिशेब मांडून पाहा. एक संभाषण सरासरी दोन सेकंदांत आटोपलं, तर शंभर प्रोसेस सेकंदाला ५० जोडण्या हातावेगळ्या करतात. बहुतेक कार्यालयांना एवढी गरजच नसते. आता यादीतला पहिला डीएनएस सर्व्हर गुपचूप बंद पडला असं समजा. लिनक्सचा रिझॉल्व्हर त्याची ५ सेकंद वाट पाहतो आणि मगच दुसऱ्याकडे वळतो. एका जोडणीमागे डीएनएसला विचारणा किती होतात? आयपीवरून नाव, नावावरून पुन्हा आयपी, पाठवणाऱ्याच्या डोमेनची चौकशी, शिवाय स्पॅमच्या काळ्या यादीत पाहणी. चार धरल्या तरी २० सेकंद वाढली. दोन सेकंदांचं काम बावीसवर गेलं आणि तेच शंभर जण सेकंदाला जेमतेम साडेचार जोडण्या उरकू लागले. मेल वाढली नाही, हल्ला झाला नाही, तरी मर्यादा भरली. सेंडमेलची पद्धत लोड ॲव्हरेज चढलं की जोडण्या नाकारायची. इथे तर लोडही चढत नाही, कारण प्रोसेस राबत नसतात, नुसत्या ताटकळत असतात.

अशा वेळी पहिला हात जातो तो मर्यादेच्या आकड्याकडे. शंभराचे पाचशे करून टाकायचे! आजार रेड्याला आणि औषध पखालीला. खातेदारांची यादी मायएसक्यूएलमध्ये असेल आणि प्रत्येक एसएमटीपीडी स्वतःची जोडणी उघडत असेल, तर पाचशे प्रोसेस थेट डेटाबेसवर जाऊन आदळतात. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ जोडण्यांची. ती ओलांडली की तिकडून नकार येतो आणि पोस्टफिक्स ‘४५१’ म्हणत, तात्पुरती अडचण आहे असं सांगत, चांगली मेलही परतवू लागतो. आधी उशीर होता, आता नकार. हा प्रसंग टाळायलाच पोस्टफिक्समध्ये प्रॉक्सीमॅप आहे. अनेक प्रोसेसच्या विचारणा तो मोजक्या जोडण्यांतून पुढे नेतो.

म्हणून आधी लॉग वाचावा. प्रत्येक ओळीत एसएमटीपीडीचा प्रोसेस क्रमांक असतो. एकच क्रमांक धरून ‘कनेक्ट’पासून ‘डिसकनेक्ट’पर्यंतच्या वेळा पाहत गेलं, की वेळ कुठे जातो ते आपोआप उघडं पडतं. जोडणीनंतर लगेचच खंड दिसला, तर संशय डीएनएसवर. सर्व्हरवरच कॅश ठेवणारा रिझॉल्व्हर बसवला की बहुतेकदा भागतं. पत्ता तपासताना खंड दिसला तर डेटाबेस. मजकूर आल्यानंतर दिसला तर मिल्टरसारखी गाळणी किंवा डिस्क, कारण मेल डिस्कवर पक्की उतरल्याखेरीज पोस्टफिक्स ‘२५०’ म्हणत नाही. ‘लॉस्ट कनेक्शन आफ्टर कनेक्ट’च्या ओळी ढिगाने असतील, तर पलीकडचे कंटाळून निघून जात आहेत किंवा ते बॉट आहेत.

बॉटचा लोंढा असेल तर मात्र दुखणं खरोखर बाहेरचं, आणि त्याची तजवीज वेनेमाने पायरीपायरीने केली. २००८ सालच्या २.५ आवृत्तीत तणावाची जाण आली. सगळ्या प्रोसेस गुंतल्या की मास्टर चालू संभाषणांना धक्का न लावता सेवा नव्याने सुरू करतो आणि नव्या प्रोसेसना तणावाचा इशारा देतो. पुढच्या आवृत्त्यांत त्यामागचे आकडेही आपोआप बदलू लागले: गप्प बसलेल्या क्लायंटची एरवी ३०० सेकंद वाट पाहणारी एसएमटीपीडी तणावात १० सेकंदांत फोन ठेवते, आणि एरवी २० चुका पोटात घालणारी पहिल्याच चुकीला बाहेर काढते. २०११ च्या २.८ मध्ये पोस्टस्क्रीन आला. ही एकच प्रोसेस दारात कित्येक जोडण्या एकदम हाताळते. स्वागताची अर्धी ओळ दाखवून ती एरवी ६ सेकंद थांबते. शिस्तीचा सर्व्हर पूर्ण ओळीची वाट पाहतो. उतावळा बॉट मध्येच बोलतो आणि पकडला जातो. शंभर एसएमटीपीडी मग खऱ्या टपालासाठी मोकळ्या राहतात.

एवढं घासून लावलेलं यंत्र ताणाखाली ‘नंतर या’ म्हणू शकतं, कारण टपालाचा नियमच तसा सोशीक आहे. स्वागताच्या ओळीसाठी पाठवणाऱ्याने ५ मिनिटं थांबावं आणि मेल पोचली नाही तर निदान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं, अशी एसएमटीपीच्या मानकाची अपेक्षा आहे. त्यामुळे तासाभराच्या कोंडीत मेल सहसा हरवत नाही, रेंगाळते. घाईने केलेल्या बदलांनी मात्र ती खरोखर परत जाऊ शकते. तेव्हा ती धास्तीची ओळ दिसली की प्रोसेस कशासाठी थांबल्या आहेत ते आधी शोधा. आकडा वाढवायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.